सपाट अँटेना अ‍ॅरे आणि साठ अंशांचा बीम: सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेत माझी दोन खोल्यांची प्रयोगशाळा आहे. प्रयोगशाळा हा शब्द जरा मोठा झाला, मुळात ते गॅरेज होतं. डिसेंबर लागला की शेवटच्या वर्षाची मुलंमुली प्रोजेक्टची कागदपत्रं घेऊन येतात. मधूनच तासगाव, कवठेमहांकाळकडचे वायरलेस इंटरनेट पुरवणारेही डोकावतात. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. बहुतेक आकडे ५.८ गिगाहर्ट्झचे आहेत, कारण माझ्या टेबलावर तीच फ्रिक्वेन्सी असते. तिची तरंगलांबी ५१.७ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागेल.

सर, बीम फिरतो म्हणजे नेमकं काय फिरतं? पॅनल तर जागचं हलत नाही.

फिरतो तो बीम, म्हणजे लाटेची ताकद ज्या दिशेला एकवटते तो झोत. पॅच म्हणजे बोर्डावर छापलेला तांब्याचा छोटा अँटेना, आणि असे अनेक मिळून अ‍ॅरे. एका ओळीत आठ पॅच आहेत असं धरा. सगळ्यांना एकाच क्षणी सिग्नल दिला तर लाट सरळ समोर जाते. प्रत्येक पॅचला आधीच्यापेक्षा थोडा उशिरा दिला, तर लाटेची आघाडी तिरकी होते आणि ती बाजूला निघते. हा उशीर आपण फेजच्या अंशांत देतो, लाटेचं एक पूर्ण आवर्तन म्हणजे ३६० अंश. हिशेब असा: ३६० गुणिले (पॅचमधलं अंतर भागिले तरंगलांबी) गुणिले कोनाचा साइन. अंतर अर्धी तरंगलांबी असेल तर बीम ३० अंशांवर न्यायला शेजारच्या दोन पॅचमध्ये ९० अंशांची फेज लागते, ६० अंशांवर न्यायला १५६ अंशांची.

कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ मध्ये तीन अँटेनांना वेगवेगळी फेज देऊन लाट एका दिशेला जास्त पाठवून दाखवली होती. १९०९ चं नोबेल त्यांना मार्कोनींबरोबर मिळालं. याच्या उलट नमुना बघायचा तर आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात मांढरदेवच्या डोंगरावर हवामान संशोधनासाठी बसवलेलं एक्स-बँड रडार आठवा. तिथे अख्खी डिश फिरते. डिश फिरवायची म्हटलं की मोटर आली, गिअर आला, ग्रीस आलं आणि पावसाळाही आला.

वाइड अँगल म्हणजे किती? ६० अंश हा आकडा आला कुठून?

कोल्हापूर रोडवरच्या कुठल्याही मोबाइल टॉवरकडे मान वर करून बघा. तीन दिशांना तीन तोंडं असतात, प्रत्येकाच्या वाट्याला १२० अंश. म्हणजे मधल्या रेषेपासून डावीकडे ६०, उजवीकडे ६०. सपाट पॅनलचा हा नेहमीचा करार.

भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं. त्यातल्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या मोठ्या पॅनलमध्ये बीम आडव्या दिशेत असा रुंद फिरतो. उभ्या दिशेत तेवढी गरज नसते, कारण माणसं जमिनीवरच राहतात. म्हणूनच ६४ चॅनलच्या, म्हणजे वेगळा सिग्नल देता येणाऱ्या ६४ वाटांच्या, पॅनलमध्ये बऱ्याचदा १९२ एलिमेंट, म्हणजे सुटे अँटेना, असतात: उभ्या दिशेतली तीन-तीन एकत्र बांधून एका चॅनलला जोडलेली. उभ्या दिशेतलं फिरणं कमी केलं की इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च असा एक तृतीयांशावर येतो. तुमच्या प्रोजेक्टमध्येही आधी ठरवा, रुंद फिरणं एका दिशेत हवंय की दोन्हींत. दोन्हींत असं सहज लिहिणारे नंतर फेज शिफ्टरचं, म्हणजे प्रत्येक चॅनलला फेज देणाऱ्या चिपचं, बिल बघून परत येतात.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण खालचे निम्मे प्रश्न तिथेच येऊन थांबतात. ६० अंश जमतील का हे फेज शिफ्टरला विचारू नका. तो बिचारा सांगाल तो आकडा देतो. जमणार की नाही हे अंतर, पॅच आणि शेजारचे पॅच हे तिघं ठरवतात, आणि ते तिघंही बोर्ड छापायला जाण्याआधीच ठरलेले असतात.

पॅचमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढंच का? थोडं जास्त ठेवलं तर काय बिघडतं?

चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. आठ बाय चारचं पॅनल करायचं होतं. फेज शिफ्टरची जी मॉड्यूलं मिळाली ती २८ मिलिमीटर रुंद होती. पॅचच्या मागे एकेक मॉड्यूल बसवायचं, म्हणून अंतर ३० मिलिमीटर धरलं. अर्धी तरंगलांबी होते २५.८. चार मिलिमीटरने काय होतंय, असा विचार केला. गच्चीवर मोजमाप सुरू झालं. २० अंश झकास, ४० अंशांवरही तक्रार नाही. ६० अंशांवर नेलं आणि टर्नटेबल फिरवणारी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, डावीकडेही तेवढाच येतोय." मी तिला केबल तपासायला सांगितली. दोनदा. तिसऱ्यांदा तिने काही न बोलता वही माझ्यापुढे धरली. उजवीकडे ६० अंशांवर एक शिखर होतं, डावीकडे ५९ अंशांवर जवळजवळ तेवढंच दुसरं. केबलचा काही दोष नव्हता. आकडेमोड माझी चुकली होती.

याला ग्रेटिंग लोब म्हणतात. तासगावकडे एसटीने जाताना द्राक्षबागेचे खांब बघा. एका कोनातून ओळीमधली वाट सरळ मोकळी दिसते, आणि जरा पुढे गेलं की तिरपी अशी दुसरी वाटही तितकीच मोकळी होते. खांब जितके दूर, तितक्या अशा वाटा जास्त. लाटांचं गणित वेगळं आहे हे मान्य, पण चित्र डोळ्यापुढे ठेवायला बाग बरी.

हिशेब असा. अंतर हे तरंगलांबी भागिले (१ अधिक कमाल कोनाचा साइन) यापेक्षा कमी हवं. ३० अंशांपर्यंतच फिरायचं असेल तर ०.६७ तरंगलांबी चालते, ४५ अंशांना ०.५९, ६० अंशांना ०.५४. माझं अंतर होतं ०.५८, म्हणजे कागदावर मर्यादा ४६ अंशांची होती.

पण पाठ्यपुस्तकातलं हे सूत्र ग्रेटिंग लोबचं फक्त शिखर बाहेर ठेवतं. लोबला खांदेही असतात, आणि शिखर दाराबाहेर उभं असलं तरी खांदा आत येतो. एलिमेंट कमी असतील तर खांदा रुंद. तो पूर्ण बाहेर ठेवायचा असेल तर वरच्या उत्तराला (१ वजा १ भागिले एका ओळीतल्या एलिमेंटची संख्या) याने गुणा. आठ एलिमेंट आणि ६० अंश असतील तर उत्तर येतं ०.४७ तरंगलांबी, म्हणजे ५.८ गिगाहर्ट्झला २४ मिलिमीटर. दुसरं पॅनल मी २४ वरच केलं. मॉड्यूलं मागे दोन मजल्यांत बसवली, दिसायला ते कोंबड्यांच्या खुराड्यासारखं झालं, पण डावीकडचं भूत गेलं.

बँड रुंद असेल तर हा हिशेब बँडच्या सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीला करायचा, मधल्या नव्हे. आणि चौकोनी मांडणीऐवजी त्रिकोणी, म्हणजे एक ओळ सोडून पुढची अर्ध्या घराने सरकवलेली, घेतली तर सर्व दिशांना फिरणाऱ्या अ‍ॅरेत तेवढ्याच क्षेत्रफळात साधारण १३ टक्के एलिमेंट वाचतात. फेज शिफ्टरच्या किमती बघता ही बचत लहान नाही.

मग अंतर अजून कमी करू? ०.३ तरंगलांबी?

करा, पण तेवढ्याच जागेत एलिमेंट वाढतील, खर्च वाढेल आणि शेजाऱ्यांची भांडणं वाढतील. शेजाऱ्यांवर खाली सविस्तर लिहिलंय.

६० अंशांवर रेंज कमी होते अशी ग्राहकाची तक्रार आहे. पॅनल खराब आहे का?

नाही. पॅनल तिरक्या नजरेने बघितलं की अरुंद दिसतं. ६० अंशांवरून बघाल तर रुंदी निम्मी, म्हणजे ताकदही निम्मी: ३ डेसिबल गेले. हे कुणालाच टाळता येत नाही. त्यात पॅचचा स्वतःचा पॅटर्न, म्हणजे कोणत्या दिशेला किती ताकद जाते तो नकाशा, बाजूला पडत जातो आणि मॅचिंगही बिघडतं, म्हणजे काही ताकद केबलमधून परत येते, त्यामुळे प्रत्यक्षात ४ ते ५ डेसिबल धरून चाला. ४.५ डेसिबल गेले तर मोकळ्या हवेतली रेंज ६० टक्क्यांवर येते. समोर ५ किलोमीटर जाणारी लिंक त्या कोपऱ्यात ३ किलोमीटरच जाईल. बीमही दुपटीने रुंद होतो. २४ मिलिमीटरच्या आठ पॅचच्या ओळीचा बीम समोर १४ अंशांचा असतो, ६० अंशांवर २७ चा.

ग्राहकाला हे विकण्याआधी सांगा. नंतर सांगितलं की ते कारण वाटतं.

शेजारी एवढे का महत्त्वाचे? एकटा पॅच तर उत्तम मॅच झालाय, उणे ३० डेसिबल, म्हणजे जवळजवळ काहीच परत येत नाही.

हा माझा आवडता प्रश्न. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या उणे ३० चा आनंद असतो आणि तो मला घालवावा लागतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणी सतार सुरात लावत असेल तर थोडं थांबून ऐका. वरची तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा हात न लावता गुणगुणतात. सतारीत ते हवं असतं, कारागिराचं अर्धं कौशल्य त्यातच आहे. आपल्या पॅनलवरही प्रत्येक पॅच शेजाऱ्याच्या लाटेने वाजतो, आणि ती लाट तो आपल्याच केबलमधून मागे ढकलतो. एकटा पॅच कितीही सुरात असला तरी मैफलीत त्याचा सूर वेगळा लागतो.

आकड्यांत बघू. दोन शेजाऱ्यांमधलं कपलिंग, म्हणजे एकाकडून दुसऱ्यात शिरणारी लाट, उणे १५ डेसिबल आहे, म्हणजे एका शेजाऱ्याकडून येणारी लाट ०.१८ पट. डावा आणि उजवा मिळून ०.३६. समोर बघताना दोघंही एकाच फेजमध्ये असतात, म्हणून बेरीज होते अधिक ०.३६. बीम ६० अंशांवर नेला की शेजाऱ्यांची फेज १५६ अंशांनी सरकते, आणि तीच बेरीज उणे ०.३२ होते. चिन्हच उलटलं. शेजारी तेच, अंतर तेच, फक्त कोन बदलला.

आता समजा तुम्ही हट्टाने पॅच असा ट्यून केला की समोर काहीच परत येऊ नये. म्हणजे पॅचचं स्वतःचं परावर्तन उणे ०.३६ केलं. समोर शून्य, टाळ्या. ६० अंशांवर? उणे ०.३६ आणि उणे ०.३२ मिळून उणे ०.६८. वर्ग करा: ४६ टक्के ताकद परत. ट्रान्समीटरची जवळजवळ निम्मी मेहनत त्याच्याच तोंडावर आपटते. याउलट पॅच एकटा शून्यावर ठेवला तर समोर साधारण १३ टक्के परत येतात आणि ६० अंशांवर ११ टक्के. दिसायला दोन्ही सामान्य, पण अ‍ॅरे सगळीकडे चालतो.

खऱ्या पॅनलवर कपलिंगलाही स्वतःची फेज असते, वरखालचे आणि तिरपे शेजारीही असतात, त्यामुळे आकडे बदलतील. चिन्ह उलटण्याची खोड बदलत नाही. रुंद कोनाचं पॅनल ट्यून करताना समोरच्या दिशेला मुद्दाम थोडं बिघडवायची तयारी ठेवा.

हे बघायला महागडं काही लागत नाही. मधल्या पॅचला व्हीएनए, म्हणजे किती लाट परत येते आणि किती पलीकडे जाते हे मोजणारं यंत्र, लावा, बाकी सगळ्यांना ५० ओहमच्या टोप्या, म्हणजे लाट शोषून घेणारे जोड, घाला, आणि मधल्यापासून प्रत्येक शेजाऱ्यापर्यंतचं कपलिंग, फेजसकट, एकेक करून लिहून घ्या. मग एक्सेलमध्ये प्रत्येकाला त्या कोनाची फेज देऊन बेरीज करा. एक संध्याकाळ जाते. पहिला आलेख बघून बहुतेक जण थोडा वेळ गप्प बसतात.

मग कपलिंग पूर्ण काढूनच टाकलं तर?

दोन पंथ आहेत. एक म्हणतो पॅचभोवती वायांचं, म्हणजे बोर्डातून आरपार जाणाऱ्या तांब्याच्या भोकांचं, कुंपण घाला, मध्ये खाचा करा, शेजाऱ्यांना वेगळं पाडा. दुसरा म्हणतो शेजाऱ्यांना इतकं जवळ बांधा की सगळं मिळून विजेची एक सलग चादर वाटावी. हॅरोल्ड व्हीलर यांनी अशा चादरीची कल्पना मांडली, आणि बेन मंक यांनी डायपोलची, म्हणजे दोन दांड्यांच्या अँटेनांची, टोकं एकमेकांशी कपॅसिटरसारखी जोडून ती प्रत्यक्षात उतरवली. प्रचंड बँडविड्थ मिळते. मात्र त्याचं फीडिंग, म्हणजे प्रत्येकाला सिग्नल पोहोचवणं, हे वेगळंच प्रकरण आहे, आठ महिन्यांच्या प्रोजेक्टला ते झेपत नाही. कुंपणाने सुरुवात करा.

तिसरी एक साधी युक्ती आहे: पॅनलच्या पुढे थोड्या अंतरावर पातळ डायइलेक्ट्रिकचा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या पदार्थाचा, पत्रा. १९६६ मध्ये मॅगिल आणि व्हीलर यांनी दाखवलं की तो पत्रा कोनानुसार बदलणारं परावर्तन बरंच भरून काढतो. पावसासाठी झाकण घालणारच आहात ना? मग त्याची जाडी आणि अंतर हिशेबाने ठेवा. अनेक जण अ‍ॅरे पूर्ण झाल्यावर दुकानातला मिळेल तो अ‍ॅक्रिलिक पत्रा लावतात आणि मग पावसाला दोष देतात.

एका ठरावीक कोनावर बीम पूर्ण नाहीसा होतो. सॉफ्टवेअरमध्ये बग आहे का?

सॉफ्टवेअर एकदा तपासा, पण बहुधा हा स्कॅन ब्लाइंडनेस. बोर्डाच्या सबस्ट्रेटमधून, म्हणजे तांब्याखालच्या रोधक थरातून, पृष्ठभागाला चिकटून एक लाट सरपटत जाते. एखाद्या कोनावर अ‍ॅरेची फेज तिच्या चालीशी जुळली की सगळी ताकद बाहेर जायच्या ऐवजी बोर्डातूनच सरपटत निघून जाते. डेव्हिड पोझार आणि डॅनियल शॉबर्ट यांनी १९८४ मध्ये छापील डायपोलच्या अ‍ॅरेवर हे नीट मांडलं.

हा कोन आधीच काढता येतो. (तरंगलांबी भागिले अंतर) वजा (सरपटणाऱ्या लाटेचा मंदपणा, म्हणजे मोकळ्या हवेतल्या लाटेपेक्षा ती किती पट हळू जाते) हे उत्तर म्हणजे त्या कोनाचा साइन. एकापेक्षा जास्त आलं तर सुटलात, तो कोन अस्तित्वातच नाही.

उदाहरण घ्या. १.६ मिलिमीटरचा साधा एफआर-४, म्हणजे नेहमीचा फायबरग्लासचा, बोर्ड ५.८ गिगाहर्ट्झला पातळ ठरतो, मंदपणा १.०१. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराला आंधळा कोन येतो ८१ अंशांवर, आपल्याला त्रास नाही. तोच बोर्ड उचलून २६ गिगाहर्ट्झला वापरा. आता त्याची जाडी तरंगलांबीच्या मानाने साडेचार पट झाली, मंदपणा सुमारे १.५. २ वजा १.५ म्हणजे ०.५: आंधळा कोन आला ३० अंशांवर, अगदी वाटेत. म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सीला सबस्ट्रेट पातळ हवा, त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे तो लाटेला किती मंद करतो हे ठरवणारा आकडा, कमी हवा आणि अंतर अर्ध्यापेक्षा जरा आत हवं.

एफआर-४ चालेल का? रॉजर्सचा खास हाय-फ्रिक्वेन्सी बोर्ड परवडत नाही.

शिकायला चालेल, विकायला नाही. एफआर-४ चा लॉस टँजंट, म्हणजे बोर्ड लाटेची किती ताकद खातो हे सांगणारा आकडा, ०.०२ च्या आसपास, रॉजर्स ४३५०बी चा १० गिगाहर्ट्झला ०.००३७. ५.८ गिगाहर्ट्झला एफआर-४ वरची दहा सेंटीमीटरची पट्टी नुसत्या डायइलेक्ट्रिकमध्ये दीड-दोन डेसिबल खाते. ३२ पॅचना वाटून देणारं जाळं त्यावर छापलं तर ट्रान्समीटर बोर्ड गरम करण्याचं काम करतो.

त्याहून वाईट म्हणजे त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट बोर्डागणिक बदलतो. ४.२ ते ४.६ एवढा फरक पडला तरी पॅचची फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे १३० मेगाहर्ट्झने सरकते. पॅचचा बँडच मुळात अरुंद, त्यात हे. माझा सल्ला: पॅचचा थर रॉजर्सवर, कंट्रोलचं सर्किट एफआर-४ वर. खर्च निम्म्याच्या आसपास येतो.

रुंद पॅटर्नचा पॅच कोणता घ्यावा?

साधा पॅच ६० अंशांवर बराच पडतो, आणि दोन्ही प्रतलांत सारखा पडत नाही. आकार लहान केला की त्याचा पॅटर्न थोडा रुंद होतो, पण बँडविड्थ जाते. २००६ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी मांडलेला मॅग्नेटो-इलेक्ट्रिक डायपोल दोन्ही प्रतलांत जवळजवळ सारखा पॅटर्न आणि रुंद बँड देतो. मात्र तो पत्रे वाकवून उभा करावा लागतो, नाहीतर जाड बोर्डात वाया घालून. पिन डायोडने, म्हणजे विजेच्या छोट्या स्विचने, पॅचचाच पॅटर्न डावीकडे-उजवीकडे झुकवणारे प्रकारही आहेत. कागदावर ते फार सुंदर दिसतात, पण प्रत्येक पॅचला दोन डायोड आणि त्यांना चालू-बंद करणाऱ्या बायसच्या तारा आल्या की माझा धीर सुटतो.

आणि पॅटर्न बघायचा तो अ‍ॅरेत बसलेल्या पॅचचा. एकटा बाहेर ठेवून बघितलेल्या पॅटर्नला अर्थ नाही. कारण वर आलंच आहे, शेजारी.

फेज शिफ्टर किती बिटचा?

४ बिट पुरे. ४ बिटला पायरी २२.५ अंशांची, गेनचं, म्हणजे एका दिशेला एकवटलेल्या ताकदीचं, नुकसान ०.०६ डेसिबल. ३ बिटला ०.२३. २ बिटला जवळजवळ १ डेसिबल, आणि नको तिथे लोब उगवतात. ६ बिटचा महाग चिप घेण्याआधी त्याच्या डेटाशीटमध्ये बघा, फेज बदलताना त्याचा अ‍ॅम्प्लिट्यूड किती हलतो. खरी गडबड तिथे असते.

बँडच्या टोकाला बीम सरकतो म्हणतात. काळजी करायची का?

फेज शिफ्टर वेळ देत नाही, फेज देतो. फ्रिक्वेन्सी बदलली की तीच फेज वेगळ्या कोनाची ठरते. ५.८ ला ८० मेगाहर्ट्झचं चॅनल असेल तर ६० अंशांवर दोन्ही टोकांना बीम ०.७ अंशाने सरकतो. बीम २७ अंशांचा आहे, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण २६ गिगाहर्ट्झला ६४ एलिमेंटची ओळ आणि ८०० मेगाहर्ट्झचं चॅनल घ्या: सरकणं दीड अंशाचं आणि बीम सव्वातीन अंशांचा. बँडच्या टोकांची ताकद निम्मी झाली. तिथे खरा टाइम डिले, म्हणजे फेजऐवजी वेळेचाच उशीर, लागतो, निदान अ‍ॅरेच्या तुकड्यांना तरी.

सिम्युलेशनमध्ये सगळं उत्तम आलं, बोर्डावर नाही. असं का?

तुम्ही बहुधा एकच पॅच घेऊन तो अनंत पसरलाय असं सॉफ्टवेअरला सांगितलंत. आठ बाय चारच्या पॅनलमध्ये ३२ पॅच, त्यातले २० कडेला. म्हणजे बहुसंख्य पॅचना एका बाजूला शेजारीच नाही. कडेला टोपी घातलेल्या रिकाम्या पॅचची एक रांग लावा, फरक दिसेल. किंवा पूर्ण पॅनल सिम्युलेट करा. रात्री लावून झोपा, सकाळी वीज गेलेली नसेल तर उत्तर मिळेल.

अ‍ॅनेकोइक चेंबर, म्हणजे परावर्तन शोषणारी खोली, नाही. मोजायचं कुठे?

गच्चीवर. मोजणाऱ्या अँटेनापासून पॅनल निदान इतकं दूर हवं: दोन गुणिले पॅनलच्या लांबीचा वर्ग भागिले तरंगलांबी. २० सेंटीमीटरच्या पॅनलला ते दीड-पावणेदोन मीटरच होतं. मी तीन मीटर ठेवतो. दोन्ही अँटेना माणसाच्या उंचीच्या वर, लाकडी स्टँडवर. शेजारच्या घराचा पत्रा आणि आपल्या पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी, या दोन गोष्टींनी आमची जितकी मोजमापं बिघडवली तितकी कशानेच नाही. शंका आली तर पॅनल आणि हॉर्न, म्हणजे मोजणारा कर्ण्यासारखा अँटेना, दोन्ही एक मीटर सरकवून परत मोजा. शिखर कोनाला चिकटून राहिलं तर पॅनलचं, जागा बदलली तर शिडीचं. हातात मावणारा स्वस्त व्हीएनए घेत असाल तर त्याची वरची मर्यादा ६ गिगाहर्ट्झच्या पुढे आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा.

६० च्या पुढे, ८० अंशांपर्यंत न्यायचंय.

एका सपाट पाटीने नका नेऊ. ८० अंशांवर रुंदी सहाव्या हिश्श्यापेक्षा थोडीच जास्त उरते. दोन पाट्या कोनात उभ्या करा. उपग्रह इंटरनेटच्या सपाट पाट्याही क्षितिजापर्यंत बघत नाहीत. डोक्यावरून एकामागून एक उपग्रह जात असतात, बरा वाटेल तो पकडायचा.

माझ्या द्राक्षबागेतल्या कॅमेऱ्यासाठी असा अ‍ॅरे घेऊ का?

नको दादा. घर हलत नाही, बाग हलत नाही, मग बीम कशाला हलवायचा? दोन छोट्या डिश समोरासमोर बांधा आणि उरलेल्या पैशात ठिबकचे फिल्टर बदला. अ‍ॅरे लागतो तो एका जागेवरून अनेकांना, किंवा हलणाऱ्याला, गाठायचं असेल तेव्हा.

परवाना लागतो का?

५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा २०१८ च्या अधिसूचनेनुसार भारतात परवान्याविना वापरता येतो, पण ताकदीची मर्यादा अँटेनाच्या गेनसह मोजली जाते. आठ बाय चारच्या अ‍ॅरेला २० डेसिबलच्या आसपास गेन असतो, म्हणजे ट्रान्समीटर त्या मानाने खाली आणावा लागतो. इतर पट्ट्यांत हवेत काही सोडण्याआधी विचारून घ्या.

ते ३० मिलिमीटरचं फसलेलं पॅनल फेकून दिलं का?

नाही. खांद्यासकट हिशेब केला तर ते ३० अंशांपर्यंत स्वच्छ चालतं, म्हणून प्रोग्राममध्ये तेवढीच मर्यादा घातली. सध्या ते गच्चीच्या कठड्यावर नवीन पॅनल तपासायला रिसीव्हर म्हणून उभं आहे. मागे मार्करने "३० च्या पुढे नेऊ नये" असं लिहिलंय. अक्षर त्या विद्यार्थिनीचं आहे.